हात डोक्याकडे जातो तेव्हा

केस उपटणं, बोटांची कातडी सोलणं, खपल्या काढणं अशा सवयींबद्दल या महिन्यात आलेली तीन पत्रं मी मुद्दाम एकत्र घेतेय. लिहिणारे तिघं एकमेकांना ओळखत नाहीत, एक पूर्व भागात राहते, एक जुळे सोलापूरला आणि एक अक्कलकोट रोडच्या बाजूला, पण तिघांच्याही पत्रामागे थोड्याफार फरकाने एकच भावना आहे, "असलं काही दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही." तिघांनाही विचारून छापतेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे. बीएड झालंय, टीईटीचा अभ्यास चालू आहे, घरी युनिफॉर्मच्या शर्टांचं काज-बटणाचं काम येतं ते पण करते. मला सातवीपासून केस उपटायची सवय आहे. वाचताना डावा हात आपोआप डोक्यावर जातो, टाळूच्या जरा मागे, आणि तिथला एखादा जाडसर खरखरीत केस बोटाला लागला की तो काढल्याशिवाय चैनच पडत नाही. मग तो ओठांवरून फिरवते, त्याचं पांढरं मूळ बघते. हे लिहितानाही लाज वाटतेय. तास कसा गेला कळत नाही, भानावर येते तेव्हा पुस्तकावर केसांचा पुंजका पडलेला असतो. आई झाडायला उठायच्या आधी उठून मी ते झाडून घेते. डोक्यावर आता हाताच्या पंजाएवढी जागा मोकळी झालीय. मला उन्हाळा आवडतो असं म्हटलं तर लोक हसतील, सोलापूरचा उन्हाळा कुणाला आवडतो, पण एप्रिल-मेमध्ये सगळ्याच पोरी डोक्यातोंडाला स्कार्फ बांधून फिरतात त्यामुळे माझ्याकडे कुणी बघत नाही. पाऊस आला की माझी पंचाईत. आईला आधी चाई वाटली, कांद्याचा रस लावला, वैद्य झाले. मग एकदा तिने बघितलं, तेव्हापासून एकच म्हणते, मनावर घे, बंद होईल. मी मनावर घेतलंय ओ. गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन शपथ घेतली, तीन दिवस टिकली. स्थळं येताहेत, मी काहीतरी कारण काढून टाळते. भावाची मुलगी सहा वर्षांची आहे, रोज म्हणते आत्या माझी वेणी घाल, मी तिला आईकडे पाठवते, कारण ती जवळ आली की माझ्या डोक्याला हात लावते. मागच्या वर्षी एका समुपदेशकांकडे गेले होते. त्यांनी एक कागद दिला, 'तुमची जीवनमूल्ये लिहा'. मी शाळेच्या भिंतीवरचं आठवून सत्य, अहिंसा, प्रामाणिकपणा असं लिहून दिलं आणि परत गेलेच नाही. मूल्यांचा आणि केसांचा काय संबंध?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि आई उठायच्या आधी केस झाडून घेतेस ते वाचून गलबलून आलं. बारा वर्षं हे एकटीने झाकत आलीयस. त्यात जेवढी ताकद गेली असेल त्याच्या निम्म्या ताकदीत यावर उपाय सुरू होतो हे आधी सांगते.

याला नाव आहे, ट्रायकोटिलोमेनिया. हे नाव १८८९ साली आलोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने दिलं, म्हणजे सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळ डॉक्टरांना हे माहीत आहे, आपल्या घरांपर्यंत पोचलं नाही एवढंच. नखं खाणं, बोटांची कातडी सोलणं, खपल्या काढणं, गाल आतून चावणं ही सगळी याचीच भावंडं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवी यादी २०२२ पासून लागू झाली तिच्यात या सगळ्यांना मिळून एक वेगळा गट दिलाय. केस ओढण्याचा त्रास ढोबळमानाने शंभरात एक-दोघांना असतो असं मानतात आणि तो बहुतेक वेळा दहा ते तेरा वर्षांच्या आसपास, म्हणजे तुझ्यासारखाच सहावी-सातवीत सुरू होतो. तुझ्या कॉलेजमध्ये आणखी कुणीतरी नक्की होतं, तीही स्कार्फ बांधत असेल.

आईचं 'मनावर घे' का चालत नाही ते सांगते. तुझ्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे अभ्यास करताना हात नकळत जातो, तेव्हा मन तिथे नसतंच, मग मनावर घेणार कोण? दुसरी म्हणजे खरखरीत केस शोधून काढणं, त्यात तू पूर्ण जागी असतेस आणि तो निघाला की एक क्षण बरं वाटतं. हे बरं वाटणं कुणी कबूल करत नाही. पण ते खरं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ती सवय तुझ्यासाठी एक काम करतेय, कंटाळा घालवते, टेन्शन आलं की ते जरा उतरवते, बोटांना हवा तो स्पर्श देते. जे काम करतं ते नुसतं शपथेने जात नाही.

आणि शपथेचा एक मोठा तोटा असतो. ती एका केसाने मोडते. तीन दिवस छान गेले, चौथ्या रात्री एक केस ओढला, की मन म्हणतं आता मोडलीच आहे तर आज ओढून घे, उद्यापासून परत नवी शपथ. त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त केस जातात. तुझंही असंच झालं असेल असं मला वाटतं.

आता त्या कागदाकडे येते. त्या समुपदेशकांचा रस्ता बरोबर होता, शब्द अवघड पडला. मूल्य म्हटलं की आपल्याला नागरिकशास्त्राचं पुस्तक आठवतं. मी माझ्याकडे येणाऱ्यांना तो शब्द सांगतच नाही, मी विचारते, तुझा जीव कशासाठी तुटतो? तू तुझ्या पत्रात ते लिहिलंयस, न विचारता लिहिलंयस, आणि लिहून पुढे निघून गेलीस. "आत्या माझी वेणी घाल." केसांविषयी तू एवढं लिहिलंस पण मला वाचताना सगळ्यात जास्त लागली ती ही ओळ. एक सहा वर्षांची पोर रोज कंगवा घेऊन येते आणि तू तिला परत पाठवतेस, आणि रोज पाठवताना तुला त्रास होतो, म्हणून तर ते पत्रात आलं. जिथे दुखतं तिथेच आपल्या जिव्हाळ्याचं काहीतरी असतं. ज्याचं काही वाटत नाही ते हातचं गेलं तर दुखत नाही.

केस दाट व्हावेत ही तुझी इच्छा आहे, ती असू दे, पण ते मूल्य नाही, ते एक ठिकाण आहे, पोचलं की संपलं आणि पोचेपर्यंत काहीच नाही. भाचीला जवळ घेणारी आत्या होणं हे तसं नाही. ते आज संध्याकाळी करता येतं, डोक्यावर पंजाएवढी मोकळी जागा असतानासुद्धा करता येतं, आज रात्री शंभर केस ओढले तरी उद्या संध्याकाळी परत करता येतं. ते मोडत नाही. तू बारा वर्षं असं मांडलंयस की आधी केस येऊ देत, मग मी लोकांत जाईन, मग लग्नाचं बघीन, मग पोरीची वेणी घालीन. मला तो क्रमच उलटा करायला सांगायचाय. आधी वेणी घाल.

कशी घालायची तेही सांगते, कारण सोपं नाहीये ते. ती पुढ्यात बसेल, तू कंगव्याने भांग पाडशील, तीन पेड करशील, आणि मध्येच ती मान वळवून तुझ्या डोक्याला हात लावेल. तिथे तुझ्या पोटात गोळा येईल. येऊ दे. उठून जाऊ नकोस. तिने विचारलं तर एवढंच सांग, "इथले आत्याचे केस गेलेत, हात हळू लाव." सहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं, ती पुढच्या मिनिटाला रिबिनीचा रंग विचारेल. लाज जायची वाट बघून मग वेणी घालायची नसते, लाज शेजारी बसलेली असताना वेणी घालायची असते. हे मी फार सोपं करून सांगतेय याची मला कल्पना आहे, पहिल्या दिवशी तुझे हात थरथरतील, वेणी वाकडी होईल.

हा विचार एका उपचारपद्धतीतून आलाय. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी १९८०च्या दशकात ती मांडायला सुरुवात केली, तिचं नाव ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, थोडक्यात ॲक्ट. नको असलेल्या भावना आणि इच्छा आधी हाकलून मग जगायचं असं नाही, त्या असतानाच आपल्या जिव्हाळ्याच्या दिशेने पाऊल टाकायचं, हे तिचं म्हणणं. सवय सोडवण्याची त्याहून जुनी पद्धत आहे, एझ्रिन आणि नन या दोघांनी १९७३ साली मांडलेली, तिच्यात हात कधी जातो ते आधी पकडायला शिकायचं आणि तो निघाला की त्याला दुसरं काम द्यायचं. डग्लस वुड्स, मायकेल ट्वोहिग यांच्यासारख्या लोकांनी पुढे या दोन्ही गोष्टी केस ओढणाऱ्यांसाठी एकत्र केल्या, २००६ साली त्याचा अभ्यासही आला आणि लोकांना फायदा झाला. मलाही कामात हेच दिसतं की दोन्ही लागतात. नुसती युक्ती दिली तर माणूस आठ दिवसांनी सोडून देतो, कारण कशासाठी करायचं ते आत सापडलेलं नसतं, आणि नुसतं जिव्हाळ्याचं बोलत बसलं तर रात्री साडेअकराला हात वर गेल्यावर करायचं काय ते कळत नाही.

तर रात्री साडेअकराला काय करायचं. आधी आठ दिवस काहीच थांबवू नकोस, फक्त लिही. वहीच्या शेवटच्या पानावर वेळ, कुठे बसली होतीस, काय वाचत होतीस, त्याआधी काय झालं होतं, बोटाला कसला केस लागला. चार्ल्स मॅन्सुएटो म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सांगितलंय की ही सवय पाच दारांनी आत येते, स्पर्श, विचार, भावना, हाताची सवय आणि जागा. तुझी दारं कुठली ते त्या पानावर दिसेल. तुझ्या पत्रावरून मला आत्ताच दोन-तीन दिसताहेत. रात्रीची वेळ, एकटी बसणं, डावा हात रिकामा असणं, बोटांना खरखरीत काहीतरी हवं असणं. मग तिथेच अडसर घालायचा. अभ्यासाला बसताना डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळ किंवा डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला बँडेजची पट्टी लाव, म्हणजे केस चिमटीत नीट येणार नाही आणि हात वर गेलाय हे लगेच कळेल. खोलीत कोंडून बसण्यापेक्षा घरचे बसतात तिथे बस. आणि घरात बटणांचा डबा आहेच की, त्यातलं एखादं कंगोऱ्याचं बटण डाव्या हातात ठेव, बोटांना चाळा हवाय तर तो तिथे मिळू दे. हात निघालाच तर मूठ घट्ट वळ आणि मिनिटभर तशीच मांडीवर ठेव. त्या मिनिटात ओढायची इच्छा वाढेल, अंगावर येईल, वाटेल की आता ही जाणारच नाही, पण तिला काही दिलं नाही तर ती आपोआप खाली येते, दरवेळी येते, हे तू स्वतः पाच-सहा वेळा बघितलंस की मग माझ्या सांगण्याची गरज राहणार नाही.

आणि मन म्हणेल 'हा एकच'. त्याच्याशी भांडू नकोस, भांडणात ते जिंकतं. मनातल्या मनात वाक्याला शेपूट लाव, 'हा एकच काढू असं माझं मन म्हणतंय'. एवढंच. वाक्य तेच राहतं पण तू त्याच्यापासून वीतभर लांब होतेस. मग एक प्रश्न, हा हात आत्ता मला वेणीकडे नेतोय की वेणीपासून लांब? कधीकधी उत्तर 'लांब' असेल आणि तरी तू ओढशील. चालेल. वहीत वेळ लिही आणि पुढचं पान वाचायला घे.

एक धोका आहे आणि तो मी पुष्कळदा बघितलाय म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडे कुठल्याही चांगल्या गोष्टीची छडी करायची सवय आहे. चार दिवसांनी तू म्हणशील, मला भाची एवढी प्रिय आहे तरी मी केस ओढले, म्हणजे मी आत्या म्हणून पण नालायक. तसं झालं की समजायचं, वाट चुकली. जिव्हाळा हा तुला मारायला दिलेला नाही, चालायला दिलाय. माझ्याकडे एक बाई यायच्या, त्यांनी देवघराजवळ 'मी चांगली आई आहे' असं कागदावर लिहून चिकटवलं होतं, आणि ओठाची कातडी सोलली की त्या कागदाकडे बघून रडायच्या. आम्ही तो कागद काढला आणि नुसतं लिहिलं, 'शाळेतून आल्यावर दहा मिनिटं पोरांजवळ बसायचं'. ओठ फाटलेला असला तरी बसता येतं.

तुझ्या कागदावरचं सत्य-अहिंसा खोड आणि असंच काहीतरी लिही, ज्यात 'करायचं' असेल आणि जे आजच्या आज होईल. वेणीचं एक झालं. शिक्षिका व्हायचंय तुला, तर त्यामागेही काहीतरी असेल, पोरांना समजावून सांगायला आवडतं का, की घरात स्वतःचे पैसे यावेत म्हणून? दोन्ही चांगली कारणं आहेत, पण तुझं कुठलं ते तू शोध.

स्थळांचं. पहिल्या भेटीत सगळं सांगायला तू कुणाला बांधील नाहीस, पण गोष्ट पुढे जायला लागली तर लग्नाआधी मुलाला स्वतः सांग, नाव घेऊन सांग, उपचार घेतेय हेही सांग. त्याआधी आईला सांगावं लागेल. हे पान तिला वाचायला दे, तोंडी बोलण्यापेक्षा सोपं जाईल. आणि आईला माझा निरोप, पोरीने मनावर घेतलेलं आहे, आता तिच्या डोक्याकडे बघणं थांबवा आणि रात्री तिच्याजवळ येऊन बसा, बटणं लावत बसा हवं तर.

डॉक्टरांचं पटकन सांगते. एकदा त्वचेच्या डॉक्टरांना डोकं दाखव, चाईबिई दुसरं काही नाही ना ते कळेल. उपटलेले केस बहुतेक वेळा परत येतात, मात्र एकाच जागी वर्षानुवर्षं ओढलं तर मुळांना इजा होऊन काही ठिकाणी येतही नाहीत, म्हणून उशीर नको. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीतही दाखवता येईल. तू ओठांवरून फिरवतेस एवढंच लिहिलंयस, पण केस गिळत असशील तर मात्र डॉक्टरांना नक्की सांग, पोटात त्यांचा गोळा होऊ शकतो, पोटदुखी-उलट्या होत असतील तर ताबडतोब जा. नेटवर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाच्या गोळीबद्दल वाचशील. २००९ साली अमेरिकेत पन्नास जणांवर बारा आठवडे तिचा प्रयोग झाला, मोठ्या माणसांना बराच फायदा दिसला, नंतर २०१३ साली लहान मुलांवर केला तर तसा दिसला नाही, तेव्हा मेडिकलमधून आपली आपण आणून घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि रात्री फार एकटं वाटलं तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

त्या समुपदेशकांकडे परत जायला लाजू नकोस. 'मागच्या वेळी खोटं लिहिलं होतं' असं म्हणूनच आत शीर, त्यांना आनंदच होईल.

प्रश्न : ताई, माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, आठवीत. नखं तर खातोच पण आता नखांच्या कडेची कातडी दातांनी सोलतो, रक्त येईपर्यंत. कडुलिंबाचा रस लावला, एकदा चिडून मिरची पण लावली, हातावर फटके दिले. तो तबला शिकतो, सर म्हणाले की बोटं दुखतात म्हणून हल्ली नीट वाजवत नाही. शेवटी मी सांगितलं की हे बंद केलं नाहीस तर क्लास बंद. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आमच्याच घरात असलं का?

उत्तर : ताई, तुमची तळमळ कळतेय, पण क्लास बंद करू नका, कृपा करून नका करू. तुमच्या घरात या सवयीवर जे एकमेव खरं औषध आहे ते तबलाच आहे आणि तेच तुम्ही काढून घेताय.

मिरची आणि फटके यांनी एकच होतं, मुलगा लपून करायला लागतो. कडू रसाने एखाद्या मुलाला हात तोंडात गेल्याची आठवण होते, तेवढा उपयोग असतो, पण तो स्वतः हो म्हणाला तरच लावायचा, शिक्षा म्हणून लावला तर त्याला बोटांपेक्षा तुमचा राग जास्त येतो. आणि लक्षात घ्या, तो स्वतःला इजा करायला म्हणून हे करत नाहीये. अभ्यासाचं टेन्शन असेल, कंटाळा असेल, नाहीतर कडेला सुटलेली कातडी जिभेला टोचत असेल.

त्याला मूल्यंबिल्यं काही सांगू नका. तेरा वर्षांच्या मुलाला आई जिव्हाळ्याची गोष्ट शोधून द्यायला लागली की ती त्याची राहत नाही. फक्त एकदा शांतपणे विचारा, "तबला वाजवताना कुठलं बोट जास्त दुखतं?" आणि ऐका. तो सांगेल की चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेला, 'ना' वाजवताना पहिलं बोट झोंबतं, किंवा असंच काहीतरी. मग विचारा, त्या बोटाला बरं वाटावं म्हणून आपण काय करू या? एकाच बोटापासून सुरू करा, दहाही नकोत. रात्री झोपताना त्याने स्वतः तूप किंवा व्हॅसलीन लावायचं, सुटलेली कातडी दातांऐवजी नेलकटरने कापायची, नेलकटर त्याच्या दप्तरातच असू दे. टीव्ही बघताना, गणितं करताना हात तोंडाकडे गेला तर मांडीवर ठेका धरायचा, हे त्याला फार आवडेल बघा, बोटांना काम मिळतं आणि रियाजही होतो. तुम्ही टोकायचं नाही. टोकणं बंद करणं हे तुमच्या वाट्याचं काम आणि ते त्याच्या कामापेक्षा अवघड आहे. फारच राहवलं नाही तर दोघांत एक खूण ठरवा, ती त्यानेच ठरवायची.

बोट सुजलं, पू झाला, ठणकायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा. शाळेत कुणी त्रास देतंय का हेही एकदा चौकशी करून बघा, सवय एकदम वाढली असेल तर मागे काहीतरी असू शकतं. आणि मिरचीबद्दल त्याची माफी मागा. आईने माफी मागितली की मुलं डोक्यावर बसतात असं म्हणतात, माझा अनुभव नेमका उलटा आहे.

प्रश्न : मी ४६ वर्षांचा, पॉवरलूमवर कामाला. हातावरच्या पुळ्या, खपल्या नखाने काढतो, पंधरा-वीस वर्षं झाली. दंडापासून मनगटापर्यंत डाग आहेत, भर उन्हाळ्यात कारखान्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून उभा राहतो. मागच्या वर्षी निश्चय केला आणि पाच महिने अजिबात केलं नाही. रोज पहाटे एका मित्राबरोबर सिद्धेश्वर तलावाला फेरी मारायचो, बरं चाललं होतं. मग रात्रपाळी लागली आणि महिनाभरात पहिल्यासारखं सुरू झालं. पाच महिने पाण्यात गेले. शुगरपण निघालीय. आता परत सुरुवात करायची हिंमत नाही. आपलं मनच कमजोर, दुसऱ्या कुणाचं असं नसेल.

उत्तर : आधी शुगरचं, कारण ते थांबू शकत नाही. शुगर असताना जखमा हळू भरतात आणि चिघळू शकतात. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, बाही वर करून हात दाखवा, खपल्या मी स्वतः काढतो हे स्पष्ट सांगा. ते रोज असे हात बघतात. कातडी सोलण्याला, खपल्या काढण्याला २०१३ सालापासून अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या यादीतही स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे, म्हणजे हा तुमच्या मनाच्या कमजोरीचा विषयच नाही. अशी माणसं भरपूर आहेत, फुल बाह्यांमुळे दिसत नाहीत एवढंच.

आता एक विचारते, तुम्ही इतकी वर्षं मागावर आहात. ताण्याचा एक धागा तुटला तर काय करता? माग थांबवता, टोक शोधता, गाठ मारता, माग चालू करता. तुटायच्या आधी विणलेली चादर कुणी फाडून टाकत नाही. तुमच्या हाताला पाच महिने बिना खपलीचं राहता येतं हे आता ठरलेलं आहे, ते कुठे गेलं नाही.

आणि तुमच्याच पत्रात लिहिलंय की गडबड कधी झाली. निश्चय सुटला म्हणून नाही, पाळी बदलली म्हणून. झोप बिघडली, आणि पहाटेची फेरी गेली. तुम्ही त्या फेरीचा उल्लेख असा केलाय जसं काही ती व्यायामापुरती होती, पण मला वाचताना वाटलं की त्या पाच महिन्यांत तुमच्याबरोबर रोज चालणारा एक माणूस होता आणि तोही गेला. हात किती बरे झाले हे मोजण्याच्या नादात माणसाचं हे बघायचं राहून जातं. तुम्हाला दोस्ती लागते, बरोबर चालणारं कुणीतरी लागतं. ते मूल्य म्हणा, काही म्हणा. ते रात्रपाळीतही जपता येतं, फक्त वेळ बदलावी लागेल.

घरी आल्यावर, झोपायच्या आधी, आरशासमोर किंवा मोरीत हात तपासायची सवय असेल तर ती वेळ सांभाळा. नखं कापून गुळगुळीत ठेवा, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावून वर पट्टी बांधा म्हणजे बोटाला खपली सापडणारच नाही, हाताला चाळा म्हणून सुताचा तुकडा ठेवा, गाठी मारायच्या आणि सोडवायच्या. खपली काढायची इच्छा झाली की घड्याळ बघून दहा मिनिटं पुढे ढकला, मग परत दहा. आणि काढली गेलीच तर धुऊन, पट्टी बांधून झोपायचं, स्वतःला शिव्या देत जागायचं नाही, जागरणाने उद्याची खपली नक्की होते.

मित्राला मात्र आजच फोन करा. पहाटे जमत नाही हे सांगा, का येणं बंद झालं तेही सांगा, आणि पाळी सुटल्यावर तलावाजवळ चहाला भेटू असं म्हणा. हाफ शर्ट घालून जाता आलं तर बघा, नाही जमलं तर फुल बाह्यांचा घालून जा, पण जा.